हिब्रू लेखन वर्ग : रविवारच्या आधी एवढं करून ठेवा

पालकहो, रविवारी सकाळी 9 वाजता तिसरा ऑनलाइन वर्ग. लिंक 8:45 ला इथेच येईल. शब्दाच्या शेवटी रूप बदलणारी 5 अक्षरं घेऊ: काफ, मेम, नून, पे, त्सादी.

- चौकटीची वही हवी, बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मिळते.
- मोबाईल डब्यांच्या चळतीवर आडवा ठेवा. चेहरा नको, हात दिसू द्या. सेल्फी कॅमेरा तर नकोच. त्यात मुलांना आपलंच अक्षर उलटं दिसतं, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिणारी पोरं आणखी गोंधळतात.
- दालेत आणि रेश ही अक्षरं सारखी दिसतात: दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. मागच्या वेळी बहुतेकांचे दोन्ही सारखेच आले! प्रत्येकी एक ओळ काढून शनिवारी रात्री 8 पर्यंत फोटो पाठवा.

टायपिंग इतक्यात नाही. आधी हात वळू द्या.