उद्यमबागेतल्या काकांचे आभार

मंगळ मोहिमेच्या सरावासाठी आम्ही कॉलेजची मुलं खानापूर तालुक्यातल्या एका रिकाम्या गोदामात तळ उभारत होतो. एअरलॉकचं (आत-बाहेर जाताना तळातली हवा कोंडून ठेवणाऱ्या छोट्या खोलीचं) लोखंडी दार टेम्पोतून नेताना चौकट पिळवटली, बिजागऱ्या बसेनात. सराव दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता.

बेळगावला उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, पोहोचलो तेव्हा बहुतेक शटर खाली आली होती. एक काका हात धुऊन घरी निघाले होते. मंगळाचं दार म्हटल्यावर ते हसले नाहीत (घरी सगळे हसले होते). डबा परत ठेवला. "आत हवा कोंडायची काय? मग रबर पाहिजे की." चौकट तापवून सरळ केली, गुण्यात (काटकोन मापायच्या पट्टीत) धरून पाहिली, कडेनं रबराची पट्टी बसवली. जाड हातमोज्यांनी उघडता यावं म्हणून कडीला लांब दांडा जोडला. तो आमच्या ड्रॉइंगमध्येही नव्हता! पैसे घेतले फक्त रबराचे.

सकाळी दार बसवायला स्वतः स्कूटरवरून आले. मंगळाचा संदेश पृथ्वीवर यायला अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणून आतबाहेरच्या बोलण्यात आम्ही तेवढा उशीर पाळतो. काकांनी वॉकीटॉकीवर विचारलं, "दार लागतंय काय?" आणि दगडावर बसून राहिले. शेजारचा पोरगा उत्तर सांगायला गेला, तर म्हणाले, "थांब की, नियम हाय."

काका, नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहिलं नाही. तुमचे आणि त्या रात्री न मागता चहा आणून देणाऱ्या शेजारच्या लेथवाल्या दादांचे मनापासून आभार.