दिल्ली ते टोकियो, तिकिटावरचे तास आणि खरे तास

प्रिय निल्या,

काल तू आईच्या तिकिटाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस की जाताना 11 तास लागतायत पण येताना सहाच, म्हणजे परतीची काळजी नाही. अरे बरोब्बर उलटं आहे ते! फोनवर गडबडीत राहून जाईल म्हणून नीट लिहितोय.

तिकिटावर निघायची वेळ निघणाऱ्या गावची असते आणि पोचायची पोचणाऱ्या गावची. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, बाराही महिने. रात्री 8 ला दिल्ली सोडून सकाळी 7 ला टोकियो म्हणजे दिसतात 11, त्यातले साडेतीन वजा कर, उरले साडेसात. येताना सकाळी 11.30 ला निघून संध्याकाळी 5.30 ला दिल्ली, दिसतात 6, त्यात साडेतीन मिळव, झाले साडेनऊ. आईचे गुडघे बघता खरा त्रास परतीच्या प्रवासाचा आहे रे, आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारशील तेव्हा हेच खरे तास सांग.

आता अंतर तेच, सरळ मोजलं तर साधारण 5,850 किमी, मग दोन तासांचा फरक कसला? लोक म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून, पण तसं नाही, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते ना. कारण आहे वारा. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर तो कधीकधी ताशी 300 किमीच्या वर जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने तिथे फुगे सोडून हा वारा मोजला होता, 1926 मध्ये रिपोर्ट छापला तोही एस्परांटो या सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत, जगाला कळावं म्हणून, आणि नेमकं म्हणूनच बाहेर फारसा कोणी वाचला नाही, मला फार वाईट वाटतं त्या माणसाचं.

मी जानेवारीत गेलो तेव्हा समोरच्या स्क्रीनवर स्पीड 1,120 दिसत होता, येताना तेच विमान, तोच इंजिनाचा आवाज, आणि आकडा 740. बराच वेळ मी त्या आकड्याकडेच बघत होतो.

अजून एक, सरळ रेघ हिमालय आणि तिबेटवरून जाते पण विमानं सहसा तिकडून जात नाहीत, बंगाल, म्यानमार, मग चीन असा दक्षिणेकडून वळसा घेतात. केबिनमधलं प्रेशर गेलं तर पटकन 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं कारण मास्कमधला ऑक्सिजन थोडी मिनिटंच पुरतो, आणि तिथे खाली जमीनच त्याहून उंच. त्यामुळे वळसा बरा, आईला पण सांग हे, तिला विमानाची धास्ती वाटते ना.

सीटचं म्हणशील तर जाताना रात्र आहे, आइल सीट घे, उठायला बरं. येताना ताई सोबत आहे तर आइलला ताई आणि उजवीकडची खिडकी आईला. उतरायच्या तास-दीड तास आधी विमान बिहारवर असेल, उजेड असतो अजून, हवा स्वच्छ असली तर लांबवर बर्फाची रांग दिसते. मला दिसली होती, ऊन पडून पिवळसर झालेली. आईला तेवढ्यासाठी जागं ठेवायला सांग ताईला.

तुझाच,
मन्या