बर्फावरचं वेळेचं गणित

महोदय,

जूनच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पश्चिमेकडील टॉरीज या १४,००० फुटांहून उंच शिखरावर स्कीइंग करून आले. ‘डेड डॉग’ ही तिथली सुमारे ४५ अंशांची बर्फाची घळ पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन लवकर येतं. रात्री गोठलेल्या बर्फाचा वरचा इंचभर थर सैलावला की स्कीची कड छान रुतते. त्याआधी तो काचेसारखा निसरडा. उशीर केला तर ओला बर्फ घसरतो, वरून दगड सुटतात. म्हणून अंधारातच चढाई, पायाला क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे धातूचे काटे), डोक्याला हेल्मेट. उतरणं काही मिनिटांचं, पण काय सुख! मे-जूनमध्ये हिमालयात जाणाऱ्या आपल्या ट्रेकर्ससाठी हे वेळेचं गणित कृपया ठळक छापावं.

– एक वाचक, डेन्व्हर