अर्थशास्त्राचे चौथे वर्ष आणि कायद्याचे पहिले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फोंडा परिसरातील महाविद्यालयात मी अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी सत्तरी तालुक्यातील आपल्याच गावातल्या लोहखनिजाच्या खाणबंदीचा विषय घेतला होता. उभे राहिलेले ट्रक, थकलेले हप्ते, बंद पडलेली गॅरेजे आणि खानावळी यांचा हिशेब मांडता मांडता ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रापर्यंत पोहोचली, आणि आपल्याला पुढे कायदाच शिकायचा आहे हे तिला तिथे उमगले. तृतीय वर्ष संपत आले तेव्हा तिने मला विचारले, ‘सर, चौथे वर्ष करू की कायद्याला जाऊ?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तिची अडचण अशी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार गोव्यातील महाविद्यालयांतही आता चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा मार्ग खुला झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक (क्रेडिट) लागतात. चौथे वर्ष पूर्ण केल्यास पुढे एम.ए. एका वर्षात होऊ शकते. ते सोडल्यास एम.ए.ला दोन वर्षे द्यावी लागतात. मात्र ऑनर्स करून नंतर त्रैवार्षिक एलएल.बी. ही कायद्याची पदवी करायची म्हटली तर बारावीनंतर एकूण सात वर्षे जातात. ज्या घराचा एकुलता ट्रक खाणबंदीत विकावा लागला, त्या घरासाठी हे सातवे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाचे शुल्क, बसभाडे आणि न मिळालेला पगार असतो.

अमेरिकेत नेमका हाच सात वर्षांचा हिशेब आहे, कारण तेथे पदवीला चार आणि कायद्याला तीन वर्षे लागतात. तेथील काही विद्यापीठांनी त्यावर ‘तीन अधिक तीन’ अशी योजना काढली आहे. विद्यार्थ्याने अर्थशास्त्रातील मुख्य विषयाच्या सर्व अटी तीन वर्षांत पूर्ण करायच्या, प्रवेश परीक्षा देऊन विधी महाविद्यालयात दाखल व्हायचे, आणि कायद्याच्या पहिल्या वर्षाचे श्रेयांक पदवीच्या उरलेल्या चौथ्या वर्षासाठी धरले जायचे. अमेरिकन बार असोसिएशन या तेथील वकिलांच्या संघटनेच्या निकषांनुसार पदवीचे किमान तीन चतुर्थांश काम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला विधी महाविद्यालयात प्रवेश देता येतो. आपल्या १६० श्रेयांकांचे तीन चतुर्थांश म्हणजे बरोबर १२० होतात. शिवाय तेथे कायद्याचे पहिले वर्ष अर्धवट सुटले तर विद्यार्थ्याची मूळ पदवीही अपुरी राहण्याचा धोका असतो. आपल्याकडे तीन वर्षांची पदवी त्याच्या हातात आधीच असते. त्यामुळे ही व्यवस्था तेथल्यापेक्षा इथे अधिक सुरक्षितपणे राबवता येईल, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल की पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. अभ्यासक्रम आहेच. तो चांगला आहे, आणि बारावीतच ज्यांचे ठरलेले असते त्यांनी तो जरूर घ्यावा. परंतु त्यात कायद्याचे वीस अनिवार्य विषय, चार प्रात्यक्षिक विषय आणि वर ऐच्छिक विषय बसवायचे असतात, त्यामुळे संख्याशास्त्र आणि अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र, पायापासून शिकण्यास अवकाश थोडाच उरतो. पुन्हा, सतराव्या वर्षी ज्याला हे कळले नाही आणि विसाव्या वर्षी कळले, त्याला या अभ्यासक्रमात मधूनच शिरता येत नाही. वकिली आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील तेराव्या नियमाने ती वाट बंद केली आहे.

अर्थशास्त्राचा हा आग्रह मी माझा विषय म्हणून धरत नाही. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खनिज उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. ही मर्यादा किती असावी आणि पुढच्या पिढीचा वाटा कसा मोजावा, हे प्रश्न न्यायालयापुढे आले तरी मुळात अर्थशास्त्राचे आहेत. घरगुती उदाहरण घ्यायचे तर गोव्यातील वारसा वाटपाच्या इन्व्हेंटरी प्रक्रियेत वारस मालमत्तेवर आपसांत बोली लावतात, जो अधिक बोलतो त्याला घर किंवा बागायत मिळते, आणि इतरांना हिश्श्याची रक्कम रोख मिळते. हा कुटुंबातला लिलावच आहे. ज्याच्याजवळ रोकड नाही त्या भावाबहिणीचे त्यात काय होते, हे मागणी आणि क्रयशक्ती यांतला फरक शिकलेल्या वकिलाला चटकन दिसेल. कुळांचे आणि मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) दावे, कोमुनिदाद या गावकऱ्यांच्या सामुदायिक संस्थेच्या जमिनी, म्हादई नदीचे पाणी या सर्वच वादांत कलमांइतकेच आकडेही बोलतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि दुसऱ्याच वर्षी ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हे दोन्ही अभ्यास एका माणसात नांदण्याची परंपरा मराठी वाचकाला नवी नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, तीन वर्षांची अर्थशास्त्राची पदवी घेऊन जो विद्यार्थी रीतसर प्रवेश परीक्षेतून एलएल.बी.ला जाईल, त्याच्या कायद्याच्या पहिल्या वर्षाचे श्रेयांक गोवा विद्यापीठाने ऑनर्ससाठी मान्य करावेत. त्याला दोन अटी असाव्यात. संख्याशास्त्र आणि अर्थमिती हे विषय त्याने पहिल्या तीन वर्षांतच उत्तीर्ण केलेले असावेत, आणि कायदा व अर्थशास्त्र यांना जोडणारा एक प्रबंध अर्थशास्त्राच्या मार्गदर्शकाकडे लिहावा. या अटींशिवाय दिलेले ऑनर्स नावापुरते राहील आणि त्याला माझा विरोधच असेल.

यात एक कायदेशीर अडथळा आहे. कायद्याच्या पदवीबरोबर दुसऱ्या नियमित पदवीसाठी नाव नोंदवण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. येथे विद्यार्थी दुसऱ्या वर्गात बसणार नाही, केवळ एकाच अभ्यासाचे श्रेयांक दोन ठिकाणी मोजले जातील. तरीही ही मनाई त्याला लागू होते की नाही, याचा खुलासा विद्यापीठाने बार कौन्सिलकडून लेखी मागवावा. गोव्यातील अर्थशास्त्राचे विभाग आणि मिरामार व मडगाव येथील विधी महाविद्यालये एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली असल्यामुळे प्रस्तावाचा मसुदा एका बैठकीत तयार होऊ शकतो. माझ्या विद्यार्थिनीला तोपर्यंत थांबता येणार नाही. तिने चौथे वर्ष सोडून कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे.

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, फोंडा