लारामीचा किल्ला आणि एक गाय

डेन्व्हर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. तुझ्या दुर्गभ्रमंतीचं वर्णन आवडलं, म्हणून इथल्या एका किल्ल्याविषयी तुला सविस्तर लिहावंसं वाटलं.

वायोमिंगमधल्या फोर्ट लारामीला गेलास तर तू आधी तटबंदी शोधशील. ती सापडायची नाही. लष्कराच्या काळात इथे तट नव्हताच. मधे कवायतीचं मैदान आणि भोवती बराकी, अधिकाऱ्यांची घरं. लारामी नदी नॉर्थ प्लॅटला मिळते तिथे १८३४ मध्ये कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी हे ठाणं वसवलं. पुढे ऑरेगन, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या गाड्यांची इथून रीघ लागली, तेव्हा १८४९ मध्ये सरकारने ते ४,००० डॉलरला विकत घेतलं.

१८५१ मध्ये सरकारशी करायच्या तहासाठी लकोटा, शायेन, क्रो वगैरे मूळ रहिवासी जमातींची सुमारे १०,००० माणसं आली. घोड्यांना चारा पुरेना, म्हणून बोलणी हॉर्स क्रीकवर न्यावी लागली. वाटसरूंना वाट द्यायची, बदल्यात वर्षाला ५०,००० डॉलरचा माल ५० वर्षं मिळायचा, असं ठरलं. सिनेटने मागाहून ५० ची १० वर्षं केली! बिघाडाची सुरुवात मी इथूनच धरतो.

मग १८५४ मधलं ते गायीचं प्रकरण. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या एका वाटसरूची गाय मागे पडली आणि ब्रूले या लकोटा शाखेच्या छावणीत पाहुणा आलेल्या एका मिनिकोंजू (ही दुसरी लकोटा शाखा) माणसाने ती मारली. ब्रूलेंचा प्रमुख कॉन्करिंग बेअर स्वतः किल्ल्यावर गेला, भरपाई द्यायला तयार झाला. ते कुणी मानलं नाही. लेफ्टनंट ग्रॅटन नावाचा तरुण अधिकारी २९ शिपाई आणि दोन तोफा घेऊन आरोपीला धरायला निघाला. सोबतचा दुभाष्या दारू प्यालेला, आणि वर छावणीतल्या लोकांना शिव्या देणारा. गोळीबार झाला, समेट करू पाहणारा प्रमुखच घायाळ झाला आणि पुढे त्या जखमांनी गेला. ग्रॅटनची तुकडी तिथेच संपली. पुढच्या वर्षी जनरल हार्नीने ब्लू वॉटर क्रीकवर हल्ला करून बायकामुलांसह ८६ जण मारले. अरे, भरपाई समोर ठेवलेली असताना हे झालं! याचा दोष मी किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांनाच देतो.

१८६६ मध्ये लारामीला वाटाघाटी चालू असतानाच मॉन्टानातल्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवर नवे किल्ले बांधायला फौज येऊन ठेपली. लकोटांचा पुढारी रेड क्लाउड संतापून उठून गेला आणि दोन वर्षं लढला. ते किल्ले लष्कराने रिकामे केल्यावरच, नोव्हेंबर १८६८ मध्ये, त्याने नव्या तहावर खूण केली. सरकारला नमवून तह करायला लावणारा असा पुढारी त्या मैदानांवर दुसरा नाही, असं मला वाटतं. ब्लॅक हिल्स हे डोंगर लकोटांच्या राखीव मुलखात राहिले, आणि तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय जमीन घ्यायची नाही हे कलम त्यात आलं. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं. १८७७ मध्ये काँग्रेसने तेवढ्या सह्या नसतानाच डोंगर घेतले.

१८९० मध्ये लष्कर गेलं आणि इमारतींचा लिलाव झाला. लोकांनी दारं, लाकूड, तुळया उचलून नेल्या. १८४९ चं 'ओल्ड बेडलम', अधिकाऱ्यांचं दुमजली लाकडी घर, मात्र आजही उभं आहे.

१८६८ च्या तहाचा, म्हणजे ब्लॅक हिल्सचा, खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९८० मध्ये निकाल लागला आणि दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम झाली. लकोटांनी ती घेतलेली नाही. त्यांना डोंगर हवेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

उन्हाळ्यात येशील तेव्हा दोघं मिळून जाऊ. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश