शाल-श्रीफळ राहू द्या, वर्गात या

मा. संपादक,

२८ फेब्रुवारी आला की शाळाशाळांत विज्ञान दिन होतो, एखाद्या शास्त्रज्ञांना बोलावतात, शाल-श्रीफळ, रामन परिणामावर तासभर भाषण, टाळ्या, चहा, की झालं! मी वर्सोव्याला मराठी माध्यमात आठवीला सायन्स शिकवते, दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं तर पाहुणे कुठल्या गाडीतून आले तेवढं आठवतं.

मुंबईत शास्त्रज्ञांचा काही दुष्काळ नाहीये. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), आयआयटी, आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर १९७४ पासून शाळेतलं विज्ञान शिकवणं सुधारायचंच काम करतंय. पण एवढ्या शाळांना एक केंद्र कुठे पुरणार, बाकीच्यांनीही थोडं बाहेर पडायला हवं ना.

आमच्या वर्गात कोळीवाड्यातली पोरं आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे त्यांना आजोबांकडून माहितीये, म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. आता पाऊणच का, तर चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो म्हणून भरतीही तेवढीच, म्हणजे जवळपास पाऊण तास, पुढे सरकते, इथपर्यंत मी सांगते. पण मग एकजण विचारतो, बाई चंद्र एका बाजूला तर भरती दिवसातून दोनदा कशी? पुस्तकातली दोन फुगवट्यांची आकृती मुलं पाठ करतात, पलीकडच्या बाजूला पाणी का फुगतं हे पटवून देताना माझीही दमछाक होते. इथे हवाय शास्त्रज्ञ!

आधी आम्हा शिक्षकांसोबत एखादा शनिवार बसा, मग वर्गात या, आणि महिन्याभराने परत या कारण खरे प्रश्न तेव्हाच निघतात. मोठे सायंटिस्ट नसतील तर पीएचडी करणारी मुलंमुली पाठवा, उलट बरंच, पोरं त्यांना घाबरत नाहीत. फक्त मराठीत बोला, मध्ये इंग्लिश शब्द आले तरी चालतील. आणि संस्थांनीही प्रमोशनला रिसर्च पेपर मोजतात तसे शाळेतले हे तासही मोजावेत, नाहीतर बिचारे येणार तरी कशाला.

अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे शाळेच्याच वेळात. कोणी येणार असेल तर पंचांग बघून तारीख आम्हीच कळवू.

– एक विज्ञान शिक्षिका, वर्सोवा, मुंबई