नव्या सरांना पाड्यावर कोण नेणार?

मा. संपादक,

नवनियुक्त शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. अ‍ॅपवर माहिती कशी भरायची, निपुणच्या (लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या) नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळं तिथं शिकवतात. ज्या मुलांची भाषा आपल्याला येत नाही त्यांच्याशी पहिल्या दिवशी बोलायचं कसं, हे कोणी शिकवल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मी पावरा या आदिवासी समाजातली, धडगाव (अक्राणी) तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आमच्याकडे सोलापूरकडचे एक तरुण सर शिक्षणसेवक म्हणून आले. हुशार, कामाला वाघ. 16 हजारांच्या मानधनात घरापासून इतक्या लांब खोली करून राहायचं, तरी तक्रार नाही. आल्या आल्या मला म्हणाले, "मॅडम, तिसरीतली निम्मी पोरं तोंडच उघडत नाहीत. अप्रगत धरू का?" मी म्हटलं, "सर, मधल्या सुट्टीपर्यंत थांबा." मधल्या सुट्टीत तीच पोरं विटी-दांडूच्या डावावरून पावरीत, म्हणजे आमच्या बोलीत, कडाकडा भांडत होती आणि कोणाचे किती झाले याचा हिशेब एकाचाही चुकत नव्हता.

त्यांनी फळ्यावर गणित घातलं होतं बागेतल्या गुलाबांचं. इतके गुलाब, इतके तोडले, उरले किती. आमच्या डोंगरात गुलाबाची बाग कोणाची? कैऱ्यांचा हंगाम नुकताच सरला होता. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून वाळवतात आणि धडगावच्या बाजारात आमचूर विकतात. या कामात पोरंही असतात. मी सरांना म्हटलं, आमचूर विचारा. त्यांनी विचारलं: पोत्यात 43 किलो आमचूर भरला, व्यापाऱ्यानं पोत्याचे आणि ओलीचे म्हणून 5 किलो कापले, तर पैसे किती किलोचे मिळाले? एरवी मान खाली घालून बसणारी एक मुलगी पावरीत म्हणाली, 38. आणि वर म्हणाली, पण रिकामं पोतं कुठं एवढं भरतं? मी सरांना तिचं म्हणणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर दुकानातून ताणकाटा मागून घेऊन आले आणि वर्गानं रिकामी पोती तोलली. ही कल्पना त्यांची, माझी नव्हे.

सरांचा आणखी एक बेत होता. हजेरीतल्या शुक्र्याचा शुभम करायचा, म्हणजे पुढं मोठ्या शाळेत कोणी हसणार नाही. हेतू चांगलाच होता. मी म्हटलं, आधी त्याच्या घरी जाऊन बसा. आमचे पाडे विखुरलेले, एका घरातून दुसऱ्या घरी जायला टेकडी चढावी लागते. तरी गेले. परत आले ते नाव बदलायचं सोडून, शुक्रवारी जन्मलेला म्हणून शुक्र्या, एवढं समजून घेऊन. होळीच्या दिवसांत पटावरची मुलं का दिसत नाहीत, हेही त्यांना अशाच एका घरी कळलं. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार असतो, घरातला कोणी बावा-बुध्या होऊन, म्हणजे होळीत नाचायचा वेश घेऊन, व्रत पाळत असतो, रोज वेगळ्या गावची होळी असते. त्या आठवड्यात चाचणी ठेवायची आणि मग "पालक उदासीन" असा शेरा मारायचा, ही आमच्या खात्याची जुनी खोड. 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला, मात्र याच मुलांना पिसाचे टोप घालून नाचवायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचे! संस्कृतीचा आदर तेवढ्यावर आटोपतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा, असं त्यातच लिहिलंय. 2020 च्या धोरणानं निदान पाचवीपर्यंत, असं म्हटलं. पुस्तकं मराठीतच येतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. मराठी मुलांना यायलाच हवी. पण मराठीकडे नेणारी वाट पावरीतूनच जाते आणि ती नव्या माणसाला दाखवायची कोणी, हे कुठल्याच परिपत्रकात नाही. आमच्या शाळेत मी होते म्हणून जमलं. पलीकडच्या शाळेत दोन्ही शिक्षक बाहेरचे आहेत. तिथले सर अडलं की मला फोन करतात, फोन मुलाच्या कानाला लावतात आणि मी दुभाषी होते, तेही रेंज असली तर.

माझं मागणं मोठं नाही. सातपुड्यात नेमणूक देताना नव्या शिक्षकाला पहिलं वर्ष तरी स्थानिक भाषा येणाऱ्या सहकाऱ्याबरोबर एकाच शाळेत ठेवा. तसा शिक्षक नसेल तर गावातलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात मानधनावर द्या. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) ऑनलाइन नोंदींचा एक तास कमी करून तो आम्हा स्थानिक शिक्षकांना द्या. आणि अवघड क्षेत्रातली सेवा भरून जो शिक्षक बदलून जातो, त्याच्याकडून जाण्याआधी नव्याला आठवडाभर गावात फिरवून घ्या. सध्या जुना कार्यमुक्त होतो, नवा नंतर कधीतरी हजर होतो, आणि दोघांची गाठ पडत नाही.

– एक प्राथमिक शिक्षिका, ता. अक्राणी, जि. नंदुरबार
(कृपया नाव छापू नये.)